उतारासाठी टायर

भाजी आणायला पाठवलं तर भोपळ्याला साधं नखही लावून न बघणारा माझा नवरा डंडॉक गावातल्या टायरवाल्याकडे एका टायरवरून प्रेमाने हात फिरवत उभा होता. मोठमोठे ठोकळे असलेला, बाजूला पांढरी अक्षरं असलेला, जाहिरातीत चिखल उडवत जातात तसला टायर. "आपल्या पिकअपला काय शोभेल बघ," तो म्हणाला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला शोभा नको होती. बर्फ पडला की आमच्या डोंगरावरून खाली उतरता यायला हवं होतं, एवढंच.

टायरवाला हसतमुख गृहस्थ होता. आमचा पत्ता ऐकून त्याने मान हलवली. कूलीच्या डोंगरात बर्फ पडतो तो किती, म्हणाला, वर्षातून दोन दिवस. साधे बारमाही टायर घाला. "यू'ल बी ग्रँड." या देशात ग्रँड म्हटलं की विषय संपतो. पाऊस असो, पाय मोडलेला असो, घर गळत असो, सगळं ग्रँड.

"मागच्या जानेवारीत मी ग्रँड नव्हते," मी म्हणाले. त्याने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने टायरकडे पाहिलं.

आधी आम्ही डब्लिनच्या कडेला, क्लोनडॉकिनला राहायचो. वसाहतीच्या फाटकासमोर बस थांबायची, मनात आलं की निघता यायचं. मग नवऱ्याचं ऑफिस घरातूनच सुरू झालं आणि त्याला डोंगर हवासा वाटू लागला. समुद्र दिसणारी खिडकी, कोंबड्या, शेकोटीची लाकडं. लाकडांसाठी पिकअप. घर मिळालं ते एका अरुंद वाटेच्या अगदी टोकाला. अशा वाटेला इथे बोरीन म्हणतात. दोन्ही बाजूंना दगडी बांध, मधोमध गवत, आणि कौन्सिलची बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी फक्त खालच्या मोठ्या रस्त्यावरून फिरते. घर बघायला गेलो तेव्हा मे महिना होता. मेमध्ये काय, कोणीही फसेल.

जानेवारीत नागपूरहून आईचा फोन आला. बाबांना ॲडमिट केलंय, लवकर ये. तासाभरात तिकीट काढलं, बॅग भरली. पहाटे दार उघडलं तर सगळं पांढरं, आणि खाली आधी गोठलेल्या पाण्याची काच झालेली. पिकअपचा मागचा हौदा रिकामा होता, त्यात माझी एक बॅग. दुसऱ्या वळणावर गाडीचं शेपूट हलकेच बाजूला सरकलं आणि मागचं चाक चरात गेलं. शेजारचा म्हातारा शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आला. त्याचा ट्रॅक्टरही उतारावर घसरायला लागला तेव्हा मीच त्याला हात जोडून परत पाठवलं. मग मी चालत निघाले. शंभरेक पावलांवर आपटले, मनगट सुजलं, आणि नवऱ्याने मला धरून घरी आणलं.

पुढचे दोन दिवस मी त्या घरात काढले. डब्लिनहून विमानं उडत होती. फोनवर ती मला एकेक करून सुटताना दिसत होती, त्यात माझंही एक होतं. दुसऱ्या दिवशी बाबा गेले. चुलतभावाने फोन धरला होता, त्यात मी सगळं पाहिलं. खिडकीबाहेर इतकं सुंदर होतं की मला त्या डोंगराचा संताप आला, आणि तो अजून गेलेला नाही. नवरा फावडं घेऊन रस्ता उकरत होता, हाताला फोड येईपर्यंत. त्यामुळे त्याच्यावर ओरडताही येत नाही. ते आणखीच वाईट.

मी नागपूरला पोचले तेव्हा आई पाहुण्यांना चहा देत होती. मलाही एक कप दिला.

तेव्हापासून आई तिथे एकटी आणि माझा जीव टांगणीला. तिला साधी सर्दी झाली तरी मी आधी इथलं हवामान बघते. पासपोर्ट पर्समध्येच असतो. उन्हाळ्यात इथली ओळखीची मंडळी भारतात जाऊन आली, मी गेले नाही. रजा शिल्लक ठेवली, आईसाठी, वेळ आली तर. आता थंडी तोंडावर आली होती आणि मला असे टायर हवे होते की ती वेळ जानेवारीत आली तरी मी वर अडकून पडणार नाही.

म्हणून मी अभ्यास करून गेले होते. नवऱ्याच्या लाडक्या टायरवर चिखल आणि बर्फ सांगणारी 'एम-एस' ही अक्षरं होती, पण ती कोणीही छापतं. मला तीन शिखरं आणि आत हिमकण असलेली खूण हवी होती. ती बर्फावर चाचणी झालेल्या टायरवरच असते. थंडीत साधं रबर कडक होतं, हे मऊ राहतं. ठोकळ्यांपेक्षा त्यावरच्या बारीक चिरा बर्फ धरून ठेवतात. नवरा म्हणाला, "मागच्या दोन चाकांना घालू. जोर तर मागचीच लावतात." टायरवाल्यालाही ते पटलं. मी विचारलं, "आणि वळायचं कोणत्या चाकांनी? थांबायचं कोणत्या?" टायरवाल्याने ऑर्डरची वही उघडली. चारही चाकांना, वजन पेलणारे, मागवून घ्या, म्हटलं. आठवड्याभराने ते आले. दिसायला अगदी सामान्य होते. नवऱ्याने एक सुस्कारा टाकला.

बसवले त्या दिवशी आईने फोनवर विचारलं, "लिंबं ठेवली का चाकाखाली?" दुकानाच्या आवारातच चार लिंबं ठेवली. टायरवाला बाहेर येऊन बघत राहिला. हे कशासाठी, त्याने विचारलं. "ग्रिपसाठी," माझा नवरा गंभीरपणे म्हणाला. चारही लिंबं फुटली आणि त्या वर्षात पहिल्यांदाच आम्ही दोघं एकदम हसलो.

मागे वजन नसलं की शेपूट घसरतं, म्हणून हौदा रिकामा ठेवायचा नाही, हे मागच्या हिवाळ्यात शिकलो होतो. नवरा वाळूची पोती म्हणत होता. मी इंडियन दुकानातून बासमतीची आणली आणि ताडपत्रीखाली करकचून बांधली. अडकलोच तर वाळू शिजवता येत नाही.

बर्फ पडला तो शाळेच्या दिवशी. आमची मुलगी खिडकीत येऊन आनंदाने ओरडली आणि मला बूट घालताना बघून थबकली. "मॅम, आर यू सीरियस? स्कूल इज क्लोज्ड!" इथली मुलं आईला मॅम म्हणतात. मी म्हटलं, मला शाळेत जायचंच नाहीये. नवरा म्हणाला, "मी येतो बरोबर." मी नको म्हटलं. मला एकटीला जमतं का ते बघायचं होतं, कारण वेळ आली की मी एकटीच जाणार होते.

पहिल्या गिअरमध्ये, माणूस चालतो त्या वेगाने उतरले. मग ते दुसरं वळण दिसलं. ब्रेकला पाय लावायचा नाही, लावायचा नाही, असं मोठमोठ्याने स्वतःला बजावत होते. चाकाखाली बर्फ करकरला. शेपूट सरकलं नाही. गाडी वळली आणि खाली निघाली, इतकी निमूट की मला रडू आलं. एवढंच तर हवं होतं मागच्या वर्षी.

खाली चर्चच्या पार्किंगमध्ये गाडी लावली आणि आईला फोन केला. तिच्याकडे कुकरची शिट्टी होत होती.

"आई, मी खाली आले. बर्फ आहे, तरी आले."

"एवढ्या बर्फात कशाला निघाली बाप्पा? काय झालं?"

"काही नाही गं. उतरता येतं का बघत होते. आता काही काळजी नाही. तुला काही झालं ना, तर मी लगेच..."

तिने गॅस बंद केल्याचं ऐकू आलं.

"म्हणजे मला काही झालं तरच येशील का?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मी आता चांगली आहे," आई म्हणाली. "चालता येते, बोलता येते, तुला वरण-भात करून वाढता येते. तेव्हा ये ना. बाबांच्या वेळी आली असती, तर त्यांनी ओळखलंही नसतं तुला. तू तिथं टायर कशासाठी बदलवून राहिली? माझ्या मरणासाठी?"

समोर मोठा रस्ता होता, मिठाने काळा झालेला, सरळ एअरपोर्टकडे जाणारा. जानेवारीतले ते दोन दिवस सोडले तर वर्षभर मला त्याच्यापर्यंत सहज उतरता येत होतं, आणि मी रजा जपत वर बसले होते.

"ऐकून राहिली ना?" आईने विचारलं.

"हो," मी म्हणाले.