बंड्याचा सुजलेला डोळा

आमच्या बंड्याचा डोळा सुजला तेव्हा घरात सर्वांत शांत होता तो बंड्याच. बंड्या म्हणजे मासा. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे, लांबी माझ्या करंगळीएवढी, मुक्काम समुद्राच्या पाण्यात (म्हणजे नळाला येणाऱ्या, गाळलेल्या नर्मदेत कालवलेल्या समुद्री मिठात, इंदुरात आम्ही आणखी कुठला समुद्र आणणार?).

मासा आमच्या मुग्धाचा. दीड वर्ष तिनं त्याला जिवापाड जपलेलं. ऑफिसच्या ट्रेनिंगला पंधरा दिवस बंगलोरला जाताना तिनं तो माझ्या हवाली केला. "आईला मासे आवडत नाहीत. बाबा, सुबह-शाम चिमूटभर दाणे टाका, बस. आणि प्लीज, आपला दिमाग नका लावू."

चार दिवस मी दिमाग लावला नाही. पाचव्या दिवशी सकाळी पोह्यांची प्लेट घेऊन टाकीजवळ बसलो, तर बंड्या एकटाच दाणे खात होता. कोणी एकटं बसून खातंय, हे इंदुरी माणसाला बघवत नाही. मी उठलो आणि माझा दाढीचा आरसा टाकीच्या आखूड बाजूला काचेला टेकवून ठेवला. बंड्याला जोडीदार मिळाला! तो धावत भेटीला गेला, परत गेला, दिवसभर जातच राहिला.

"बघ, किती खूश आहे," मी बायकोला म्हणालो.

"तुम्ही खूश आहात," सुनंदा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी डोळा बाहेर आला. भिजलेल्या साबुदाण्यासारखा फुगलेला, वर पांढरट साय. मुग्धा परतायला सात दिवस होते. मी अन्नपूर्णा भागातल्या शोभेच्या माशांच्या दुकानदाराला फोन लावला.

"एक आँख है भिया, कि दोनों?" त्यानं विचारलं. "एक हो तो चोट लगी होगी. दोनों हों तो पानी में गड़बड़."

आमची टाकी हॉल आणि जेवणाचं टेबल यांच्या मधोमध आहे. मी हॉलमधून पाहिलं. "सुजलाय," मी म्हणालो. तेवढ्यात बंड्या वळला. "माझ्या बाजूनंही सुजलाय," सुनंदा टेबलाकडून म्हणाली.

"दोनों," मी फोनवर जाहीर केलं.

मग काय विचारता! कुकर, पातेली, आंघोळीची बादली, सगळ्यांत मीठ कालवून समुद्र तयार व्हायला लागला. टाकीतलं थोडं पाणी बाटलीत भरून मी स्कूटरवरून दुकानात नेलं. दुकानदारानं त्यात चार तऱ्हेचे थेंब टाकून तपासलं.

"पानी तो चकाचक है. घर जाके दोनों तरफ से फोटो भेजो."

घरी येऊन आम्ही दोघं दोन बाजूंना मोबाईल घेऊन उभे राहिलो. एक, दोन, तीन! सुनंदाच्या फोटोत साबुदाणा, माझ्या फोटोत छान टपोरा काळा डोळा. म्हणजे आम्ही मघाशी आळीपाळीनं एकच डोळा पाहिला होता.

"चोट है," दुकानदार फोनवर म्हणाला. "किसी से लड़ता है क्या?"

"किससे लड़ेगा? अकेला है," मी म्हणालो, आणि माझ्या देखत बंड्यानं लांबून धाव घेतली आणि आरशासमोरच्या काचेवर तोंड आपटलं.

"भिया? सुन रहे हो?"

"उसका एक दोस्त है," मी हळूच म्हणालो.

"कौन दोस्त?"

"वो खुद."

सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "भिया, ये मछली अपने इलाके में दूसरे को टिकने नहीं देती. तीन दिन से बेचारा दुश्मन भगा रहा है."

आरसा हटवला. आता दुकानदाराच्या सांगण्याप्रमाणे बंड्याला टाकीतल्याच पाण्याच्या टबात, हवेचा पंप लावून वेगळं ठेवायचं आणि त्यात मोजून एप्सम सॉल्ट घालायचं होतं. मी औषधाच्या दुकानात धावलो.

"किसको देना है?" औषधवाल्यानं विचारलं.

"बंड्या को. आँख सूजी है."

"उम्र?"

"डेढ़ साल."

"अंकलजी, इतने छोटे बच्चे को अपने मन से कुछ मत दो."

"देना नहीं है. उसमें तैराना है."

तो बिचारा खाली बसला.

दोन दिवस बंड्यानं दाण्याला तोंड लावलं नाही. खरं सांगतो, मी घाबरलो. पोरीनं पहिल्यांदाच एक जीव माझ्या भरवशावर सोडला होता, आणि मी प्रेमानं त्याचा डोळा फोडायला निघालो होतो. मासे न आवडणारी सुनंदा टबातलं पाणी बदलत होती. तिसऱ्या दिवशी सूज उतरलेली दिसली. चौथ्या दिवशी बंड्यानं दाणा पकडला आणि मी सुटकेचा इतका मोठा नि:श्वास टाकला की सुनंदानं पंखा कमी केला.

मुग्धा आली, टाकीशी वाकली. डोळा स्वच्छ होता. "काय मस्त ठेवलाय! थँक यू, बाबा." इथं गप्प बसलो असतो तर निभावलं असतं. पण ते थँक यू पचेना. मी आरशासकट सगळं ओकून टाकलं.

ती आधी बंड्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली, आणि हसत सोफ्यावर कोसळली. माझ्या छातीवरचा धोंडा उतरला.

"दुकानवाले भिया काही नाही बोलले?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"विचारत होते, आप करते क्या थे? मी सांगितलं, फिजिक्सचा मास्तर होतो. छत्तीस वर्षं आरसा आणि प्रतिमा शिकवली."

"फिर?"

"म्हणाले, भिया, बच्चे पास कैसे होते थे?"