लेम्पीच्या भिंतीवरची चकती

लेम्पी कांगास आपल्याच स्वयंपाकघरात दोन स्वेटर, वर नवऱ्याचं जुनं जाकीट आणि पायात लोकरी मोज्यांचे तीन जोड चढवून मांस-बटाट्याच्या पास्ट्या लाटायची. गल्लीतल्या बाया हसायच्या. "लेम्पीच्या अंगात रगात न्हाई, ताक हाय," म्हणायच्या. तीही हसायची. सुपिरिअर सरोवराकाठच्या त्या तांब्याच्या खाणींच्या गावात बर्फ खिडकीला टेकतो. तिथं थंडीची तक्रार करणं म्हणजे माशानं पाण्याची करणं. डॉक्टरनं तिला लोहाच्या गोळ्या दिल्या. त्या गिळून गिळून पोट दगड झालं, परसाकडं काळी कुळकुळीत होऊ लागली, पण बोटं काही गरम झाली नाहीत.

माहेरी असं नव्हतं. रानातलं ओंडक्यांचं घर, खायची मारामार, पण मधोमध दगडी चुलाणा, आणि भावंडं त्याच्याभोवती मांजरांगत पडलेली. मग खाणीतल्या वायरमनचं, आर्वो कांगासचं स्थळ आलं. त्याला गावात घर, आणि तळघरात तेलावर चालणारी भट्टी. आई म्हणाली, "नशीब काढलंस पोरी. लाकूड फोडाया नको, राख उपसाया नको. भिंतीवरची चकती फिरवली की ऊब."

चकती होती खरी. बैठकीच्या दाराशी, पितळी, छातीइतक्या उंचीवर. लेम्पी ती फिरवायची. आर्वो पेपरातून डोकं न काढता म्हणायचा, "वाढवलीस न्हवं? मग दम धर की. जुनी भट्टी, म्हातारीगत दमानं उठती." आणि कधीतरी खाली भट्टी गुरगुरायची. ऐकलं बाई हिनं, असं लेम्पीला वाटायचं. ऊब मात्र नडग्यांपर्यंत येऊन माघारी फिरायची.

माळ्यावरच्या खोलीत पोरगी निजायची, साइमा. तिथं सकाळी खिळ्यांच्या डोक्यांवर हिमाचं पीठ धरलेलं असायचं. पोरीचा खोकला बर्फ वितळेस्तोवर हटायचा नाही. शिकून मोठी झाली आणि ॲरिझोनाच्या वाळवंटात जाऊन राहिली. जाताना दारात म्हणाली, "आई, घर थंड न्हाई. ह्यो मानूस थंड हाय."

लेम्पीनं तिच्या थोबाडीत दिली. "बापाला बोलतीस? घर जुनं, त्याला त्यो काय करंल?"

साइमा आधी हिवाळ्यात यायची थांबली, मग उन्हाळ्यातही.

आर्वो वाईट, असं गावात कुणी म्हणणार नाही. दारू नाही, बायकोवर हात उगारणं नाही. तेलाचा टँकर दारात आला की मात्र त्याचं तोंड मयताला आल्यागत व्हायचं. शनिवारी परसातली वाफेची न्हाणी, सौना, पेटवायचा, त्यात हात आखडायचा नाही. लाकूड रानातलं, फुकटचं. तेवढी एक संध्याकाळ लेम्पीची हाडं मऊ व्हायची. बाकी दिवस तो तळघरात बाह्या मुडपून आपल्या बाकड्यावर ठोकाठोक करत बसायचा. तिला खाली उतरू द्यायचा नाही. "जिना उभा हाय. मान मोडून घेशील. बटाटं मी आनतो." लेम्पी समजायची, जीव आहे माणसाचा आपल्यावर.

मग त्याला झटका आला. उजवं अंग गेलं, जीभ लोळागोळा झाली. बैठकीतल्या खुर्चीत गाठोड्यागत बसायचा. नर्स बजावून गेली होती: ह्याला गारठा बसला तर छाती भरेल, आणि भरली तर उतरायची नाही. आणि ऐन जानेवारीत, एका सकाळी, भट्टी थंड पडली.

लेम्पीनं नवऱ्यावर असतील नसतील तेवढ्या गोधड्या टाकल्या आणि शेजारच्या डेन्झिल ट्रेव्हॅरोला बोलावलं. खाणकंपनीच्या घरांतल्या भट्ट्या दुरुस्त करण्यात ह्या गड्याची उमर गेलेली. आता गुडघे गेले होते. काठी टेकत आला, स्वयंपाकघरात बसला, कॉफीचा मग दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला, "मला काय ह्यो जिना उतरवत न्हाई. मी बोलतो, तू कर. टाकीत तेल?"

"काठी घालून बघितलं. हाय."

"फ्यूज?"

"दुसरा घातला."

"भट्टीवरचं लाल बटण?"

"दाबलं एकदा. सकाळी ह्यो निजलेला, तवा खाली जाऊन."

"एकदाच ना? ऱ्हा मग. घडीघडी दाबलं की आत तेल साठतं, आन मग तू आन मी संगंच देवाघरी." त्यानं खिशातून पेचकस काढून दिला. "चकतीचं झाकण काढ. दोन तारा दिसतील. सोड आन एकमेकीला पीळ. घाबरू नगंस, त्यात मुंगीएवढाबी झटका न्हाई. भट्टी उठली तर चकती खराब."

लेम्पीनं तारा पिळल्या. कान देऊन उभी राहिली. काही नाही.

"मग परत उतर खाली."

खुर्चीतून आर्वोनं घशातून आवाज काढला. "न… नगं. खा… खाली नगं."

"बघ की," डेन्झिल हसला, "म्हातारा अजून तुझ्या मानंची काळजी करतोय!"

"पडत न्हाई मी," लेम्पी नवऱ्याला म्हणाली, त्याच्या गालावरून हात फिरवला आणि उतरली.

वरून डेन्झिल ओरडत होता. "भट्टीच्या अंगाला पेटी हाय, तिच्यावर दोन स्क्रू! तारंचा तुकडा घे, दोन्हींना एकदम लाव!"

तिनं लावला. भट्टी धाडकन पेटली. लेम्पी दचकून मागं सरली.

"पेटली!" डेन्झिल वरून टाळ्या पिटत होता. "म्हंजी भट्टी धडधाकट. मधी तार तुटली. त्या स्क्रूंपासनं तार धरून चाल, दावं धरून गाय गाठावी तशी!"

लेम्पी तार धरून निघाली. तार वर बैठकीकडं जायला हवी होती. ती गेली नाही. तुळईच्या कडेनं वळली आणि आर्वोच्या बाकड्याकडं गेली. तिथं खांबावर त्याचा जुना कोट टांगलेला. कोटामागं उंदरानं तार कुरतडली होती. लेम्पीनं कोट बाजूला केला.

मागं चकती होती. पितळी, गोल, वरच्यासारखीच. भट्टीपासून चार हातांवर. तिथं ऊब आली की ही चकती भट्टीला झोपवायची. वरचं घर गोठलं काय, मेलं काय.

तिनं मान वर केली. बैठकीतून खाली आलेली तार भट्टीच्या डोक्यावर खिळ्याला टांगलेली होती. कापलेलं टोक काळ्या पट्टीनं नीट गुंडाळलेलं. वायरमनचं काम, तुटकं टोकसुद्धा उघडं ठेवलं नव्हतं. पट्टीवर इतकी धूळ, की ती साइमाच्या पाळण्याइतकी जुनी असावी.

मग तिला एकेक आठवत गेलं. त्याचा भाऊ मुक्कामाला आला की घर कसं उबदार व्हायचं, आणि ती म्हणायची, घरात माणसं वाढली की ऊब वाढते. त्या लोहाच्या गोळ्या. पोरीच्या गालावर उमटलेली आपली बोटं.

"ए लेम्पी! उंदरानं खाल्ली काय तुला? काय घावलं?"

ती खालूनच बोलली. "उंदीर."

"तार वरच जाती न्हवं?"

बाहेरच्या माणसापुढं आपलं घर उघडं कोण करतो? "व्हय. वरच जाती."

तिनं बाकड्यावरून त्याचीच पक्कड घेतली. खांबाकडची तार कापून टाकली. खिळ्यावरच्या तारेची पट्टी सोलली आणि ती दोन स्क्रूंना बांधली. वर येऊन चकतीच्या तारा जागच्या जागी लावल्या, झाकण बसवलं आणि काटा पार शेवटापर्यंत नेला. चकतीत टिक् झालं. खाली भट्टीनं ओ दिली. आयुष्यात पहिल्यांदा.

"शाबास," डेन्झिल उठला. "आता तरी मोजं काढ गं बाई."

तो गेला. घर तापत गेलं. खिडकीवरचं हिम सुटून पाणी ओघळू लागलं. आर्वोच्या कपाळावर घाम आला. लेम्पीनं त्याच्या गोधड्या काढल्या, तोंड पुसलं. त्याचे डोळे भिंतीवर होते.

"ते… तेल," तो म्हणाला. "क… कमी कर."

साइमाला कळवावं असं तिच्या मनात आलं. पण काय कळवणार? तुझं खरं होतं, म्हणून? पोरगी आता पन्नाशीला आली होती.

"लेम्पी. कमी."

लेम्पी उठली. चकतीजवळ गेली. बोटं ठेवली, जराशी हलवल्यासारखी केली आणि काटा होता तिथंच ठेवून माघारी आली.

"केली बघ कमी," ती म्हणाली. "आता दम धर. जुनी भट्टी हाय."

आर्वोनं तिच्याकडं बघितलं. त्याला कळलं. त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला कळणार होतं? लेम्पी त्याच्यासमोर बसून एकेक मोजा काढू लागली.