विमलच्या फांदीवर माझी निरगाठ

वर्षा, इकडे ये. अशी जवळ बस, आणि आधी ती कात्री खाली ठेव. ठेवलीस? ...बाई गं, तुला काही अक्कल आहे की नाही? सासूला जाऊन जेमतेम दीड महिना होतोय, आणि तू मला फोन करून विचारतेस, "मावशी, आईंच्या फांदीची लोकर सुटतच नाहीये, कापून टाकू का?" कापून टाकू म्हणे! संसार झाला, नातवंडं झाली, एवढ्या वर्षांत त्या फांदीवरच्या एका धाग्याला विमलनं कात्री लावली नाही, आणि तू लावणार?

पुरवणीवाल्यांनी मला विमलवर लिहायला सांगितलं आहे. मी काही लेखिका नव्हे. सातवीत शाळा सुटली, पुढचं सगळं रद्दीतली मासिकं वाचून शिकले, त्यामुळे जशी बोलते तशीच लिहिते. वर्षा ही विमलची सून. ती आहे धुळ्याला, पण समोर बसली आहे असं धरून तिच्याशी बोलता बोलताच मला हे लिहिता येईल, वाचणाऱ्यांनी शेजारी सतरंजीवर बसून ऐकावं. विमल आणि मी चाळीसगावच्या एका गल्लीतल्या. ती लग्न होऊन धुळ्याला गेली, मी जळगावला आले. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दोघी माहेरी यायचो, एका झोक्यावर बसायचो आणि भांडायचो. यंदाची आखाजी होऊन पंधरवडा उलटला नसेल, तुझ्या नवऱ्याचा सकाळीच फोन आला. "मावशी, आई गेली." मी ओट्यावर पऱ्हाटीच्या, कपाशीच्या वाळक्या काड्या कापत बसले होते, तोरणासाठी. आता खरं सांगते, वर्षा, राग धरू नकोस. रडू फुटायच्या आधी माझ्या मनात काय आलं असेल? आता ती फांदी कुणाकडे जाणार... हे आलं. मग रडले. पुष्कळ रडले. पण आधी फांदी.

कारण ती फांदी मी आधी पाहिली होती. हे तुझ्या सासूनं तुला कधी सांगितलं का? नसेलच सांगितलं. आमची लग्नं नवी नवी होती, सोनगीरला विमलच्या सासरच्या नात्यातलं लग्न होतं आणि तिनं मला हट्टानं नेलं होतं. पंगत उठली, बाया झोपल्या, आम्ही दोघी किल्ल्याच्या पायथ्याकडे भटकायला निघालो. आदल्या दिवशी वादळ झालेलं, कडुनिंबाची एक फांदी मोडून वाटेत पडलेली. मी पुढे होते. माझा पाय अडखळला तिला. "मेली वाकडी!" म्हणून मीच पायानं बाजूला लोटली. मागून विमल आली, वाकली, ती उचलली आणि उन्हात धरून म्हणते, "अवं शालन, देख तं, कशी कंबर मुरडीसन उभी शे!" मी म्हटलं, टाक, चुलीत घालायच्या लायकीची आहे. ती कसली टाकते! येताना एसटीत कंडक्टर ओरडला, "बाई, सरपण टपावर टाका." तर ही त्याला म्हणते, "सरपण नही भाऊ, माहेरनी पाव्हणी शे." सगळी गाडी हसली. फांदीला जागा मिळाली, आणि मी धुळ्यापर्यंत उभी.

तेव्हापासून ती फांदी तुमच्या पुढच्या खोलीत, दाराच्या वरच्या खिळ्यावर. सण बदलला की तिचा साज बदलायचा. संक्रांतीला काळी लोकर गुंडाळायची आणि वर पांढऱ्या बारीक गाठी, लांबून बघणाऱ्याला वाटावं हलवाच चिकटवलाय. शिमग्याला पळसाचा रंग. पोळ्याला गोंडे, बैलाच्या माथ्यावरचे असतात तसे, आणि मधूनमधून शिरीषाच्या वाळक्या शेंगा, वारा आला की खुळखुळायच्या. कमलबाईंच्या दुकानातून लोकरीची उरलीसुरली टोकं यायची. तुमच्या शेजारच्या त्या मारवाडी कमलबाई, बिस्किटांच्या डब्यात टोकं साठवून ठेवायच्या, फक्त विमलसाठी. मी एकदा धुळ्याला आले होते तेव्हा मुद्दाम त्यांच्या दुकानात गेले. म्हटलं, भाभी, थोडी टोकं मलाही द्या. "आज तो कुछ बचा नहीं, बहन." डबा मागं फळीवर दिसत होता मला! झाकण उघडं, टोकं वर आलेली. ते मी अजून विसरले नाही.

आणि मी काय कमी करत होते? माझी पण तोरणं होती. पऱ्हाटीच्या काड्या एका मापानं कापून, घासूनपुसून, ओळीत बांधून, वर चौकट विणून. एक काडी इकडची तिकडे नाही. विमल बघायची, मान डोलवायची आणि म्हणायची, "छान शे वं. झाडूले पण कामाले येई." असा राग यायचा! पण माझ्या स्वतःच्या सुनेनं, मोबाइल उघडल्यावर दिसायला म्हणून फोटो कुणाचा लावला? विमलच्या फांदीचा. माझं तोरण मोरीच्या दारावर. मी विचारलं तर म्हणे, "आई, तिथे ओलाव्याला तुमचंच टिकतं." टिकतं! बघ, तेवढं एकच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

एकदा आमच्या जळगावच्या महिला मंडळानं हातकामाचं प्रदर्शन भरवलं. मी माझी सगळी तोरणं ट्रंकेतून काढून भिंतीवर लावली. विमलला पाहुणी म्हणून बोलावलं, म्हटलं बघू दे जरा. ती आली ती फांदी काखेत घेऊन, उघडी, एक धागा अंगावर नाही. कोपऱ्यात खुर्ची घेतली आणि बसल्या बसल्या तिला साज चढवायला लागली. झालं. सगळ्या बाया तिच्याभोवती. कुणी पाणी आणून देतंय, कुणी लोकरीचा गुंडा धरतंय, कुणी विचारतंय, "मावशी, मधला वळसा कसा घेतलात?" माझ्या भिंतीसमोर एक म्हातारे गृहस्थ उभे होते, तेही पंखा तिथे होता म्हणून. संध्याकाळी साज पुरा झाला, बायांनी टाळ्या वाजवल्या. आणि विमलनं काय करावं? टोक धरून ओढलं. एका हिसक्यात गाठ सुटली, ती फांदी मांडीवर फिरवत गेली आणि दिवसभराचं काम बघता बघता गुंडा होऊन तिच्या पिशवीत. बाया "अरेरे" म्हणत राहिल्या. मला मात्र तिथंच कळलं की हिच्याशी आपली बरोबरी नाही. मी माझं एकही तोरण आजवर मोडलेलं नाही. मोरीच्या दारावरचं एक सोडलं तर सगळी ट्रंकेत आहेत, डांबराच्या गोळ्या घालून. ती सगळं मोडायची आणि लोकांच्या लक्षात तिचंच राहायचं. हा कुठला न्याय, सांग?

सगळं त्या गाठीत होतं. ती सुरगाठ मारायची. टोक ओढलं की सुटणारी. मला फक्त निरगाठ येते, मारली की मारली, मग नखं तुटली तरी सुटत नाही. आखाजीच्या झोक्यावर बसून तिनं मला सुरगाठ शिकवायचा किती प्रयत्न केला! "हाई देख, आसा फासा धर, अर्धाच काढ." मी पूर्ण काढायची. मुद्दाम नाही... थोडं मुद्दाम. तिचं ते एवढंसं तरी मी शिकू नये, असं वाटायचं. शेवटी ती हात जोडायची. "तुनी गाठ तुनामायक वं, शालन. सुटस नही." माझी गाठ माझ्यासारखीच म्हणे.

आता शेवटच्या भेटीचं सांगते, कारण तुझी सगळी अडचण तिथेच आहे. आखाजीच्या आदल्या दिवशी मी धुळ्याला आले होते, आठवतं? तू आमरसाच्या गडबडीत होतीस. विमल कॉटवर उशीला टेकून बसलेली, फांदी मांडीवर, कैरीची हिरवी लोकर आणि आंब्याची पिवळी. हात थरथरत होते. वळसे सैल पडलेले, एक दाट, एक विरळ, मधेच सालीचा तपकिरी रंग डोकावतोय. मी बघितलं आणि मला... बरं वाटलं. हो, बरं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं तोरण तिच्यापेक्षा चांगलं होतं. ते बरं वाटणं घशाखाली उतरतंय न उतरतंय, तोच तिनं लोकरीचं टोक माझ्या हातात दिलं. "आते तू मार गाठ." मी म्हटलं, "मला तुझी गाठ येत नाही, तुला माहीत आहे." "तुनीच मार." "अगं, मग पुढच्या सणाला सुटायची नाही." तर हसली. तशी खोकत खोकत हसली आणि म्हणाली, "मंग तू येशील ना सोडाले. एरवी काय येस तू!"

टोमणाच होता. खरा होता. धुळे काय लांब आहे? सकाळी निघालं तर जेवायला पोचतो. पण त्या खिळ्याखाली बसून चहा प्यायचा म्हणजे डोळा वर जाणार, आणि मग घरी येऊन माझ्या काड्या मला काड्याच दिसणार... म्हणून मी टाळायचे. तिला ठाऊक होतं. मी गाठ मारली. एक नाही, एकावर एक दोन. राग आला होता म्हणून आणखी आवळली. तिनं ती बोटानं चाचपून बघितली आणि म्हणाली, "हां. आते ऱ्हायी." आता राहील.

आणि आता तू मला फोनवर काय सांगतेस? घरात वर्षभर सण नाही, म्हणून आईंची फांदी उघडी करून ठेवावी असं तुला वाटलं. बरोबर आहे, तशीच रीत आहे. तू टोक ओढलंस, सुटेना. तुझ्या नवऱ्यानं ओढलं, सुटेना. मग कमलबाई आल्या आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "जीव अटका है भाभी का इसमें." झालं! गल्लीतल्या बठ्ठ्या, सगळ्याच्या सगळ्या बाया बघून गेल्या. कुणी म्हणे माया अडकली, कुणी म्हणे तिला घर सोडवत नाही, आणि परवा कुणीतरी त्या गाठीला हळदकुंकू लावून झेंडूचं फूल खोचून गेलं. वर्षा, अगं, हसू की रडू! ती माझी गाठ आहे! विमलचा जीव नाही, माया नाही, काही नाही, शालनची निरगाठ आहे ती, डबल. जन्मभर माझ्या हातचं कुणी दोनदा वळून बघितलं नाही, आणि एकदा कुठे बायांनी हात जोडले, तर तेही विमलच्या नावावर. मेल्यावरसुद्धा ही बाई माझं काही माझ्याकडे राहू देईना!

फोन ठेवला आणि बराच वेळ अशीच धुसफुसत बसले. मग उठून ट्रंक उघडली, कशासाठी कोण जाणे. सगळी तोरणं एकावर एक, जशीच्या तशी. एकाही तोरणाशी कुणाचं काही अडलेलं नाही. कुणी ते सोडायला यावं, कुणी त्यासाठी फोन करावा, असं एकही नाही. अडलंय ते फक्त तिथे, त्या वाकड्या फांदीवर, जी मी पायानं लोटली होती. विमलनं माझीच गाठ का मागितली, हे मी काही तिला विचारू शकत नाही आता. हात थरथरत होते हे खरं. पण तू घरात होतीस, तुला सुरगाठ येते, तुला हाक मारता आली असती तिला. तिनं मला सांगितलं. आणि आवळली तेव्हा अडवलं नाही.

हे लिहायला बसले तेव्हा शेवटी तुझ्याकडे फांदी मागायची असं ठरवलं होतं. आधी मी पाहिली, म्हणून माझी. पण आता म्हणते, असू दे तिथेच. माझ्या भिंतीवर आली तर मी तिला सरळ करायला जाईन, मला माझा भरवसा नाही. फक्त गाठ मला सोडू दे. दाभण काढून पर्समध्ये ठेवलं आहे. दाभणाचं टोक हळूच आत घातलं की निरगाठसुद्धा सैल पडते, घाई मात्र करायची नाही. ती हिरवी-पिवळी लोकर मी गुंडाळीन, तू फांदी फिरव. मग वर्षभर उघडी राहू दे बिचारी. वर्ष सरल्यावर पहिला साज तू चढव, आणि शेवटी ती सुरगाठ कशी मारतात ते मला एकदा दाखव. अर्धाच फासा काढीन, शपथ.

पण धुळ्याला एकटी यायचं म्हटलं की माझा पाय उचलत नाही गं. त्या खोलीत शिरायचं, कॉट रिकामी... तेव्हा तूच ये जळगावला, मला न्यायला. एक रात्र राहा, शेवेची भाजी करते तुझ्यासाठी, माझी तोरणं दाखवते, खोटं खोटं का होईना छान म्हण. सकाळच्या एसटीनं दोघी निघू. तोवर फांदी खिळ्यावरून काढू नकोस, ते खोचलेलं फूलही राहू दे, आणि कमलबाईंना गाठीला हात लावू देऊ नकोस. कुणी विचारलंच, तर सांग, सोडणारी येते आहे. ये बाई, लवकर ये.