करप्याचं विरजण

शेजारीण विरजण मागते, तसा संशोधन केंद्रातला तो माणूस दरवर्षी आमच्या बांधावर येऊन करपा मागायचा. इकडे आमचं धान रोगाने जळायचं आणि तो खुशीत रोगट पानं पिशवीत भरायचा.

"हे कायले नेता जी?"

"नव्या वाणांवर सोडतो, ताई. एक साल तर कोणताही वाण टिकते. जावईबी टिकते! चार सालं टिकन, तोच खरा."

गेल्या वर्षी त्यातल्या टिकलेल्या वाणाचं बियाणं त्याने मला दिलं. यंदा तो पिशवी घेऊन आला, तर माझं शेत हिरवंगार.

"करपा नाही?" तो हिरमुसला.

"बियाणं तुमचंच आहे ना जी!"

तो बांधावर नाचला आणि घसरून चिखलात बसला. मी त्याला हात देऊन उठवलं आणि करप्यासाठी शेजारणीकडे पाठवलं.