इस्तारीचा चौभाऊ

चिखलबोडीत कोणाच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला, की तो लंगडत लंगडत इस्तारी ढिवराच्या दारात यायचा. कंदिलाचा पेच ढिला झाला, इस्तारी. रॉकेलचा रिकामा डबा कापून पाणी शेंदायला बादली करायची, इस्तारी. गुणवंतराव पाटलांची सायकल बिघडली तर त्यांचा गडी भर उन्हात ढिवरटोल्यात, मासेमारांच्या वस्तीत, येऊन बाहेरूनच आरोळी ठोकायचा, "इस्तारी हाय का? चाकू घेऊन बलावलं!" हातातलं काम टाकून इस्तारी उठायचा. पाटलांची मालगुजारी, म्हणजे जमीनदारी, जाऊन चार वर्षं झाली होती, त्यांचा तलाव सरकारजमा झाला होता, पण बलावलं की उठायची सवय काही सरकारजमा झाली नव्हती.

चाकू लढाईतला होता. मुठीत मावणारा, काळ्या खरखरीत मुठीचा, टोकाला अडकवायची कडी. एक रुंद पातं, एक डबा फोडायचा आकडा, शेवटाला पेच पिळायचं सपाट टोक, आणि पाठीवर घडी करून ठेवलेला बोटभर लांब, जाड, गुळगुळीत टोच्या. टोल्यातल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं चौभाऊ. एका घरात राहून न भांडणारे चार भाऊ फक्त इस्तारीच्याच कमरेला आहेत, असं बायका म्हणायच्या. पोलाद असं, की दहा वर्षांत पात्याला दोन-तीनदाच दगड दाखवावा लागला. तलावाच्या पाण्यात दिवसदिवस भिजूनही गंज नाही. घडी उघडताना जो 'टक्' आवाज व्हायचा, तो नवा असताना व्हायचा तसाच.

लढाईच्या वेळी ठेकेदारानं इकडची माणसं आसामात रस्ता करायला नेली, त्यात इस्तारी होता. नदीवर लष्कराची नाव चालायची. ढिवर म्हणून त्याला दोरावर लावलं. तिथं रत्नागिरीकडचा एक म्हातारा खलाशी होता. दोन दोर गाठ न मारता जोडायचे कसे, हे त्यानं इस्तारीला शिकवलं. टोच्या घालून दोराचे पीळ उकलायचे, एकाचे पीळ दुसऱ्यात ओवायचे, ओढून बसवायचे. वरून हात फिरवला तर कळायचं नाही, दोर कुठं संपला आणि कुठं सुरू झाला. खलाशाला घरी धाडलं तेव्हा जाताना त्यानं चाकू इस्तारीच्या हातात ठेवला. "तुझा हात बसलाय," एवढंच म्हणाला.

हात बसला हीच इस्तारीची चूक झाली.

चिखलबोडीच्या ढिवरांचं महाजाळं एकट्याचं नाही, बारा घरांचं. प्रत्येक घराचा आपला तुकडा, बारा हात लांब. वैशाखात तलावाचं पाणी छातीइतकं उतरलं, की ठरलेल्या दिवशी बाराही तुकडे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आणायचे, एकाला एक जोडायचे आणि सगळ्यांनी मिळून तलाव ओढायचा. ज्याचा तुकडा जाळ्यात, तो माणूस पाण्यात, आणि पाण्यातल्या माणसाला पुरा वाटा. तुकडा नऊ हातांच्या खाली भरला तर माणूस काठावर. त्याला बायकापोरांसंगं ओंजळभर बारीक मासळी मिळायची. तिला काठाचा वाटा म्हणत. आणि लागोपाठ दोन वर्षं काठावर राहिलेल्या घराची जागा जाळ्यातून जायची ती कायमची.

पूर्वी तुकडे गाठी मारून जोडत. खालचा दोर तलावाचा तळ घासत जातो, आणि या तलावाच्या पोटात जुन्या झाडांची खोडं आहेत. गाठ खोडात अडकायची, जाळं फाटायचं, शिव्यांनी तलाव भरून जायचा. इस्तारी आसामातून आला आणि त्यानं सांधे करून दाखवले. जाळं लोण्यातून सुरी जावी तसं सरकलं. त्या दिवशी लटारूभाऊनं, म्हणजे टोल्यातल्या सगळ्यात वडील माणसानं, ज्याच्या हाती महाजाळ्याचा कारभार होता त्यानं, इस्तारीच्या पाठीवर थाप मारली होती.

ती थाप दहा वर्षं पाठीवरून उतरली नाही. चैत लागला की बाराही घरांचे झिजलेले दोर इस्तारीच्या ओसरीत येऊन पडायचे. वाईट भाग कापून नवा सांधायचा. कोणी चिलमीपुरती तंबाखू ठेवायचं, कोणी तेही नाही. चाकूला काय, तेल-मीठ लागतं थोडंच!

गेल्या वैशाखात इस्तारी हिवतापानं पडला होता. तो काठावरसुद्धा नव्हता, खाटेवर होता; तरी ते वर्ष काठाचंच धरलं गेलं. त्याचा तुकडा पावसाळाभर ओल्या कुडाला टांगून राहिला आणि सगळा सडला. दिवाळीपासून तो आणि त्याची बायको गोकुळा, दिवसाची मजुरी करून आल्यावर, अंबाडीचं सूत वळत होते, बांबूच्या सुईनं विणत होते, विणलेलं ऐनाच्या सालीच्या काढ्यात बुडवून वाळवत होते. औंदा तुकडा भरला नाही तर बापाची जागा जाणार होती. उजवीकडून तिसरी. इस्तारीचा आजाही तिथंच उभा राहून ओढायचा.

चैत लागला. दोर आले.

"आपला तुकडा पाच हात झाला हाय, पाच," गोकुळा म्हणाली. "आन् तुमी लोकायचे दोर घेऊन बसले."

"झिंगूचा तेवढा करतो."

"काल लालसूचा तेवढा होता."

"आता आनून टाकलाच हाय त् काय फेकू?"

"फेका! तलावात फेका! झिंगूले हात नाईत का? जेवाले बसते तवा त् दोन्ही हात दिसतेत मले!"

झिंगू शेजारीच राहायचा. त्याच्या तुकड्याची जागा इस्तारीच्या डाव्या अंगाला, चौथी. कुडापलीकडून तो ओरडला, "बाई, हात हायेत, चौभाऊ नाई ना!"

"मंग चौभाऊशीच लगीन लावून ने त्याले!"

इस्तारी हसला नाही. त्याला हसायचाही कंटाळा आला होता. उजव्या अंगठ्याच्या मुळात टोच्या दाबून दाबून घट्टा पडला होता आणि घट्ट्याखाली सारखं ठणकत होतं. नाही म्हणावं असं रोज सकाळी तो ठरवायचा. मग दारात कोणीतरी दोराचं वेटोळं खांद्यावर घेऊन उभं राहायचं, 'का गा इस्तारी' म्हणायचं, आणि हात आपोआप कमरेकडे जायचा. टक्. त्या आवाजासरशी समोरच्याचा चेहरा मोकळा व्हायचा. आपलं काम झालंच, असा. त्या चेहऱ्यापुढं नाही म्हणायचं बळ त्याच्यात नव्हतं. खरं बोलायचं तर थोडा गर्वही होता. सगळं गाव आपल्याकडे येतं, हा गर्व गरिबाला फार स्वस्तात मिळतो आणि फार महागात पडतो.

ठरलेला दिवस उजाडला तेव्हा त्याचा तुकडा साडेआठ हात होता.

पाळीवर तुकडे ओळीनं पसरले होते. लटारूभाऊ आपल्या हातानं एकेक मोजत होता. मोजलेल्या तुकड्यांचे सांधे इस्तारी करत होता. डावीकडून बारावा-अकरावा, अकरावा-दहावा, खालचा दोर, वरचा दोर. पाठ वर करायला उसंत नाही. लटारूभाऊ मोजत त्याच्या तुकड्याशी आला तेव्हा इस्तारी झिंगूच्या तुकड्यापर्यंत सांधे पुरे करून आला होता. पहिला-दुसरा आधीच जोडला होता; दुसऱ्या आणि चौथ्याच्या मधे फक्त त्याचाच तुकडा जोडायचा राहिला होता.

लटारूभाऊनं एकदा मोजलं, परत मोजलं. "आठ आन् अर्धा."



"इस्तारी, नऊ नाई भरत गा."

"अर्धा हात कमी हाय, भाऊ."

"अर्धा का असेना. पोचूच्या बापाले मी पाव हातासाठी काठावर बसवलं होतं. तवा तूही होता."

"नेम म्हंजे नेम," झिंगू खाली बघत म्हणाला.

गोकुळा बायकांच्या घोळक्यातून पुढं आली. "नेम? कोनत्या तोंडानं नेम सांगून राह्यला रे तू? तुह्या दोरात चार सांधे हायेत, चारी याह्यच्या हातचे! ज्या दोराले याह्यचा हात लागला नाई असा एक दोर दाखव मले, मंग नेम सांग! आमचा तुकडा अर्धा राह्यला तो तुमच्या पायी राह्यला!"

"बाई, जाळं हात मोजते," लटारूभाऊ म्हणाला. "उपकार मोजत नाई." आवाज कडक नव्हता. तोही थकलेला म्हातारा होता. पण त्यानं इस्तारीचा तुकडा उचलून बाजूला ठेवला.

इस्तारीनं चाकू मिटला आणि तो पाळीवरून खाली उतरून काठाच्या दगडावर जाऊन बसला. त्याला राग यायला हवा होता. आला फक्त शीण. सहा महिन्यांचं जागरण एकदम डोळ्यांवर येऊन बसलं.

"मंग मधला सांधा?" कोणीतरी विचारलं.

"गाठ मारतो ना," झिंगू म्हणाला. "आपले बापदादे गाठीच मारत होते."

मारली. जाळं पाण्यात गेलं. अकरा माणसं छातीभर पाण्यात अर्धगोल धरून ओढू लागली. अर्ध्या तलावापर्यंत चाललं. मासळी पुढं दाटली, पाण्यावर पाठी दिसायला लागल्या. रोहू उसळ्या मारू लागले. आणि खालचा दोर अडकला. दोन्ही बाजूंची माणसं ओढताहेत, मधला भाग जागचा हलेना.

झिंगूनं बुडी मारली. वर आला. "गाठ खोडाच्या फटीत बसली! आवळून दगड झाली!"

लालसूनं बुडी मारली. तोही रिकाम्या हातानं वर. जोरानं ओढलं तर जाळं फाटणार, ढिलं सोडलं तर मासळी खालून जाणार. जायला लागलीच होती. एक मोठी मरळ जाळ्याबाहेर उसळलेली सगळ्यांनी पाहिली आणि एकदम गलका झाला.

"इस्तारी! ए इस्तारी!"

तो दगडावरच बसून राहिला. "काठावरच्या मानसानं पान्यात पाय टाकायचा नेम नाई," तो म्हणाला. मोठ्यानं नाही म्हणाला, पण तलावावर आवाज लांब जातो.

"तू नोको येऊ बाप्पा," झिंगू ओरडला. "चौभाऊ तेवढा दे! फेक इकडे!"

इस्तारीनं वर पाहिलं. इतकी वर्षं लोक खरं कोणाला बोलावत होते, हे त्याला त्या एका आरोळीत कळलं. पाटलाचा गडी, झिंगू, लालसू, सगळे कमरेला हाका मारत होते. कमरेच्या वर एक माणूस होता, तो ओझं वाहायला होता. अंगठा ठणकत होता. त्याला वाटलं, खरंच फेकावा. त्यांच्याकडे नाही, खोल पाण्यात. मग ना दोर, ना आरोळ्या, रात्री सुखानं झोप. हात कमरेकडे गेलाही. मुठीतली खरखर बोटांना लागली आणि खलाशी आठवला. त्यानं हा कोणालाही दिला असता, नावेवर शंभर माणसं होती.

"चाकू एकटा जात नाई," तो म्हणाला. "माह्या संगं जाते. आन् मी माह्या तुकड्यासंगं जातो."

"अबे मासळी चालली!" झिंगू रडकुंडीला आला. "हे काय भांडाची येळ हाय?"

"मले कायची घाई? माहा वाटा ओंजळीचा हाय."

गोकुळा कमरेवर हात ठेवून उभी होती. पहिल्यांदाच तिला बोलावंसं वाटलं नाही.

लटारूभाऊ पाण्यातून निथळत बाहेर आला. काठावर येऊन घटकाभर धापा टाकत उभा राहिला. इस्तारीकडे बघितलं नाही. थेट तुकड्याकडे गेला, वाकला आणि मोजू लागला. सावकाश. हात पसरायचा, बोट ठेवायचं, परत पसरायचा. तलावातली दहा माणसं तोंड उघडी टाकून बघत होती. हात मागच्यापेक्षा आखूड पडत होता, हे काठावरच्या सगळ्या बायकांना दिसत होतं.

"नऊ," लटारूभाऊ म्हणाला. आणि झिंगूकडे वळून, "कोनाले मोजून पाहाचं असन त् या बाहेर."

कोणी आलं नाही.

इस्तारी तुकडा खांद्यावर घेऊन पाण्यात शिरला. चार बुड्या लागल्या. टोच्या गाठीत घातला, पिळला, खोडातून दोर सुटला. मग छातीभर पाण्यात उभं राहून, पाण्याखाली, नुसत्या बोटांनी चाचपत त्यानं गाठ सोडली आणि आपला साडेआठ हातांचा तुकडा मधे सांधला. कोणी घाई केली नाही. मासळी तोवर निम्मी निघून गेली होती. सांधा पुरा झाल्यावर तो चौभाऊ मिटून कमरेला लावायला गेला, तेव्हा बोटं इतकी आखडली होती की टोच्या मिटेना. शेजारून झिंगूनं हात पुढं केला, मग काय वाटलं कोण जाणे, मागं घेतला. "होऊ दे सावकाश, भाऊ," म्हणाला. इस्तारी त्याच्यापेक्षा लहान होता. भाऊ त्यानं आजवर कधी म्हटलं नव्हतं.

जाळं काठाला लागलं तेव्हा दुपार कलली होती. मासळी थोडीच होती. बारा टोपल्या ओळीत मांडल्या आणि लटारूभाऊ उजवीकडून नाव घेऊन वाटे टाकू लागला.

"इस्तारी!"

पाळीला पाठ टेकून, ओल्या धोतरानंच, तोंड उघडं टाकून इस्तारी झोपला होता. माशा त्याच्या पायांवरच्या चिखलावर बसत होत्या. कोणीतरी हलवायला वाकलं.

"राहू दे त्याह्यले," गोकुळा म्हणाली आणि टोपली पुढं सरकवली. "हाय इथीच. टाक भाऊ वाटा."