‘मले’चं ‘मला’

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. त्याला माझे बाकीचे सगळे अवगुण पाठ आहेत, त्यात आणखी एकाची भर नको म्हणून नव्हे — हे सांगायला तोंडच उघडत नाही म्हणून. आज उघडतेय. कितपत जमेल, पाहू.

मी पुण्यात एका ऑडिओ कंपनीत लेखिका आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे ठरलं की रेडिओवरच्या जुन्या वैज्ञानिक श्रुतिका नव्याने करायच्या — नवे नट, नवे आवाज, लोकांनी मोबाईलवर ऐकाव्यात अशा. मी फुशारकीने म्हणाले, माझ्याकडे एक आहे. होतीच. पवनी तालुक्यातल्या आसगावात मला चौथीला शिकवणाऱ्या महादेव मास्तरांची. तरुणपणी ते रेडिओसाठी लिहायचे. त्यांची ही श्रुतिका एकदाच लागली होती आणि अर्ध्या गावाने ती त्यांच्या अंगणात बसून ऐकली होती.

गोष्ट अशी. आकाशातून कोणीएक येते आणि गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, पडते. तिला भाषा नाही. बोडीखालच्या शेतात बाया धानाचा रोवणा, म्हणजे भाताची लावणी, करत असतात — गात असतात, एकमेकींच्या सासवांचा उद्धार करत असतात. ती आठ दिवस पाण्यातून ते ऐकते आणि मग बोलते. कशी बोलणार? त्या बायांसारखीच. ‘मले घरी जा लागते,’ हे तिचं पहिलं वाक्य. मोठमोठे शास्त्रज्ञ येतात, त्यांना ती कळत नाही, रोवणेकरणींना कळते. सगळं नाटक एवढ्यावर उभं आहे. आणि हे आमच्या मास्तरांना सुचलं होतं, सायकलने शाळेत जाणाऱ्या माणसाला!

परवानगीच्या कागदावर त्यांनी न वाचता सही केली. अट एकच घातली, तीही तोंडी — तिची बोली तेवढी बदलवू नको.

आता इथून पुढे मला अडखळायला होतं. तुम्हाला वाटेल, कंपनीने बोली बदलायला लावली असेल. तसंच वाटतं ना? मास्तरांनाही तसंच वाटलं. पण आमची दिग्दर्शिका तर वाचूनच हरखली होती. ही भाषा अशीच ठेवायची, ती म्हणाली, आणि सगळ्यांसमोर मला विचारलं, तू तिकडचीच ना? मग नटांना उच्चार तूच शिकव. वाच बरं एकदा.

मी वाचलं नाही. अठराव्या वर्षी पुण्याच्या होस्टेलवर मी एकदा ‘का’ऐवजी ‘काहून’ म्हणाले होते, तेव्हा मुली आठवडाभर मला ‘काहून’ म्हणूनच हाक मारायच्या. त्यानंतर मी जीभ अशी घासून घेतली की पुढे कोणाला संशयसुद्धा आला नाही. आणि आता ते कागदावरचं ‘मले’ माझ्याच तोंडून सगळ्यांना ऐकू जाणार? हे कारण म्हणून सांगत नाही. होस्टेलच्या मुली त्या खोलीत नव्हत्या. हसणारं तिथे कोणीही नव्हतं.

मी म्हणाले, मास्तरांनीच सांगितलंय, प्रमाण भाषेत करा.

किती सहज निघालं! दिग्दर्शिका हळहळली. मग निदान कुठेतरी थोडी चव राहू दे, म्हणाली. म्हणून मी शास्त्रज्ञांच्या हाताखाली एक बावळट गडी घातला आणि आमच्याकडची ती झाडीबोली त्याच्या तोंडी दिली. तो ‘मले’ म्हणाला की लोक हसतात. हा गडी मास्तरांच्या नाटकात नव्हता — तो माझा. आणि बोडीतली ती बातम्या सांगणाऱ्या बाईसारखी बोलते: ‘मला घरी जायचं आहे.’

दिवाळीत आसगावला गेले, तेव्हा मास्तरांनी सुनेच्या मोबाईलवर आमचं ते नवं नाटक माझ्यासमोर ऐकलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. गड्याच्या वाक्यांना सून हसली, मास्तर नाही. संपल्यावर धोतराच्या काठाशी चाळा करत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

“मंग हे पडली कुठं, पोरी?” त्यांनी विचारलं. “हिनं आयकलं कोनाले?”

मी सांगितलं, कंपनीवाले ऐकत नाहीत. एवढ्यावर तरी थांबावं — पण नाही. मी खूप भांडले, असंही सांगितलं. खोटं एकदा रांगेला लागलं की आपोआप पुढे सरकतं. त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर ते लोकांना सांगत होते की आपली पोरगी पुण्याच्या लोकायसंग लय भांडली. लोक माझ्याकडे कौतुकाने पाहत होते, आणि मी ते कौतुक चहाबरोबर गिळलं.

पुढल्या वर्षी गेले, तर मास्तरांनी पिशवीतून पाच वह्या काढल्या. त्यांच्या उरलेल्या श्रुतिका, कधीच न लागलेल्या. वय ब्याऐंशी. तरी प्रत्येक पानावर लाल पेन फिरलेलं होतं. आमच्या वह्यांत चुकीच्या शब्दाभोवती करायचे तसा प्रत्येक ‘मले’भोवती गोल आणि वर ‘मला’. ‘काहून’भोवती गोल, वर ‘का’. पन्नास वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेल्या ओळी त्यांनी एकेक करून चूक ठरवल्या होत्या. सून म्हणाली, सहा महिने रोज सकाळी बसत होते.

“आता तुले त्यायच्यासंग भांडा लागनार नाही,” मास्तर म्हणाले.

तेव्हा बोलता आलं असतं. अंगणात आम्ही दोघंच होतो, सून आत गेली होती. मी दोन पानं उलटली, वही मिटली, आणि म्हणाले, “बरं केलंत, मास्तर.”

ते खूश झाले.