डायनिंग टेबल आणि आईची खुर्ची

आमचा ग्रुप जमला की कोणी ऑफिसचे किस्से काढतं, कोणी हॉस्टेलचे. माझे सगळे एका डायनिंग टेबलाचे. यात माझा काही दोष नाही. जरा जागा मोकळी दिसली की घरातला प्रत्येक माणूस ज्या टेबलावर काहीतरी आणून ठेवतो, त्याच्यावर किस्सेही साचणारच. आणि सामान निदान उचलून दुसरीकडे ठेवता येतं, किस्से तेवढेही हलत नाहीत!

टेबल घेतलं पप्पांनी, मी नववीत असताना. सनमायका लावलेलं, सहा खुर्च्यांचं. आमच्या सिडकोतल्या घराच्या दारातून ते आत येईना, तेव्हा त्याचे पाय काढून आणावं लागलं. घरात माणसं पाच. आप्पा म्हणजे माझे आजोबा, पप्पा, आई, दादा आणि मी. टेबल उभं राहिल्यावर पप्पा भाषण केल्यासारखे म्हणाले, "आजपासून आपण सगळ्यांनी एकत्र जेवायचं." आई "हो" म्हणाली आणि पोळ्या लाटायला आत गेली.

ती आतच राहिली. कारण आमच्याकडे पोळी तव्यावरून थेट ताटात पडते. आमची जेवणं होईपर्यंत आई लाटत असायची आणि मग ओट्याशी उभ्यानेच जेवायची. तिची खुर्ची फ्रिजच्या बाजूची. तिथे कोणी बसत नाही म्हटल्यावर तिच्यासमोरच्या जागेवर आधी पेपर आला, मग इस्त्रीचे कपडे, मग लाइटची बिलं. पसारा कायम त्याच कोपऱ्यातून सुरू व्हायचा आणि आमच्या ताटांपर्यंत यायचा.

कॉलेजात समाजशास्त्र घेतल्यावर हे सगळं मला एकदम दिसायला लागलं. मी जाहीर केलं की टेबल मोकळं झालंच पाहिजे. स्वच्छतेसाठी नाही, तर आई आपल्याबरोबर बसून जेवली पाहिजे म्हणून.

दादा म्हणाला, "आधी तुझा वॉकमन उचल."

*

मी कायदा केला. जेवायच्या वेळी टेबलावर जे सापडेल ते जप्त! जप्तीसाठी द्राक्षांचा एक रिकामा खोका घेतला. पहिल्याच संध्याकाळी दादाचं हेल्मेट, पक्कड, पप्पांच्या ऑफिसची फाइल आणि दोन-तीन वाट्या अशी भरघोस कारवाई झाली.

ताटं वाढली. आप्पा येऊन बसले आणि भाकरीकडे नुसते बघत राहिले. त्यांना काय होतंय, काही दुखतंय का, असं आम्ही आळीपाळीने विचारलं. आप्पा उत्तर देईनात. शेवटी त्यांनी खोक्याकडे बोट दाखवलं. जप्त केलेल्या एका वाटीत त्यांची कवळी होती.

कवळी धुऊन दिली, त्यांनी ती बसवली आणि पहिलं वाक्य बोलले, "जेवायच्या वेळी माझे दात टेबलावर नकोत, तर कुठे पाहिजेत?"

कायद्यात पहिली सवलत आप्पांना द्यावी लागली.

*

त्या खोक्याचं पुढे काय झालं, हेही सांगते. जप्त केलेल्या वस्तू सोडवायला कोणी येतच नव्हतं. हेल्मेट गेलं तर दादा बिनहेल्मेटचा फिरायचा, पक्कड गेली तर नळ गळत राहायचा. खोका काठोकाठ भरला. खाली ठेवला की येता-जाता पायात यायचा.

मग पप्पांनी तो उचलून टेबलावर ठेवला.

*

पिंपळगावला माझा मामा राहतो, त्याची द्राक्षबाग आहे. एक्स्पोर्टला माल गेला की घडांमधून गळलेले मणी उरतात. ते तो दरवर्षी क्रेटमध्ये भरून आमच्याकडे घेऊन यायचा. त्या वर्षी आला आणि काही विचारायच्या आत त्याने टेबलावर पेपर पसरून तीन क्रेट पालथे केले. आख्खं टेबल हिरवंगार.

मी म्हटलं, मामा, टेबलावर नको. तो म्हणाला, "खाली ठेवले तं पायात येतील ना बाई. टेबल असतं कशाला?"

"जेवायला."

"मग खा की. कोणी नाय म्हटलंय?"

आणि आम्ही खायला लागलो. खुर्च्यांवर क्रेट ठेवलेले, त्यामुळे सगळेच उभे. मोरीत हात धुऊन आईही पदराला हात पुसत आली आणि आमच्यात उभी राहून मणी खायला लागली. मामा तिला लहानपणी ती बागेत मार कशी खायची ते सांगत होता, आई त्याला तूच कसा चुगल्या करायचास ते ऐकवत होती. टेबल आल्यापासून आम्ही पाचही जण एका वेळी खातोय, असं पहिल्यांदाच घडत होतं. बसून नाही, पण एका वेळी!

मी तो पसारा माफ केला.

*

पण खरी अडचण पसारा नसून गरम पोळी आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी आईच्या मागे लागले की पोळ्या आधी करून डब्यात ठेवायच्या आणि सगळ्यांबरोबर बसायचं. एका रविवारी ती तयार झाली. मी तिच्यासमोरचा कोपरा रिकामा केला, पुसला, तिचं ताट मांडलं. आई खुर्चीच्या कडेवर टेकली, एस.टी.त सीटवरून कोणीतरी उठवेल या बेताने बसतात तशी.

पप्पांनी डब्यातली पोळी घेतली, घास तोंडात टाकला आणि अगदी सहज विचारलं, "सकाळची का?"

पोळी तव्यावरून उतरून पाच मिनिटंसुद्धा झाली नसतील. पण आई उठलीच. आतून लायटरचा आवाज आला.

एका घासात क्रांती खलास. मी पप्पांशी दोन दिवस बोलले नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही, म्हणून तिसऱ्या दिवशी बोलले.

*

मी हटले नाही. आईला सारखं आत जावं लागतं, कारण कुठली वस्तू कुठे आहे ते दुसऱ्या कोणाला माहीतच नाही, असा मी निष्कर्ष काढला. आई माहेरी गेली होती तेव्हा एका दुपारी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्या-बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. मीठ, साखर, पोहे, तूरडाळ. मोठ्या अक्षरात, कोणालाही वाचता येतील अशा.

आईने परत आल्यावर कौतुकही केलं. आणि मग आपल्या पद्धतीने डबे भरत राहिली. जो रिकामा होईल त्यात जे आणलं असेल ते. दिवाळीपर्यंत 'पोहे' म्हणून लिहिलेल्या डब्यात हरभरे होते, 'मीठ' लिहिलेल्या बरणीत लाडवांची उरलेली पिठीसाखर होती आणि मीठ कॉफीच्या बाटलीत गेलं होतं. मी चिडून विचारलं, चिठ्ठ्या वाचत नाहीस का?

"चिठ्ठ्या तुमच्यासाठी आहेत," आई म्हणाली. "मला डबे ओळखू येतात."

पण आमच्यापैकी डब्याला हात लावणारं कोण होतं?

*

मग लोडशेडिंग आलं. आमच्या भागात ऐन जेवायच्या वेळेला लाइट जायची. टीव्ही बंद, पंखा बंद, घरात मेणबत्ती एकच. ती टेबलावर लागायची. मेण सांडेल म्हणून पप्पांनी आपल्या फायली स्वतः उचलल्या. दादाने हेल्मेट खिळ्याला टांगलं. इस्त्रीचे कपडे कपाटात गेले. मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते वीज मंडळाने आठवड्यात करून दाखवलं!

अंधारात पोळ्या लाटता येत नाहीत, त्यामुळे आई लाइट जायच्या आत स्वयंपाक उरकायला लागली. पोळ्या डब्यात. पप्पा गप्प जेवायचे. आईसुद्धा बाहेर यायची, पण बाजूला उभी राहून वाढायची. तिची खुर्ची मोकळी होती, समोरची जागा मोकळी होती, तरी ती उभीच.

एका संध्याकाळी आप्पाच म्हणाले, "बस गं. उभ्या माणसाची सावली माझ्या ताटात पडते."

आई बसली. पूर्ण खुर्चीभर. मी तिचं ताट वाढलं. सगळ्यांनी पहिला घास घेतला आणि सगळेच थांबले. लाइट जायच्या आत उरकायच्या घाईत गवारीत मीठ घालायचं राहिलं होतं.

आई टेबलाला हात टेकून उठायला लागली. पप्पा म्हणाले, "तू बस. मी आणतो." आणि टॉर्च घेऊन आत गेले. आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. आत झाकणं पडल्याचे आवाज येत होते. "ओट्याच्या वरच्या फळीवर," आई सांगायला लागली, तेवढ्यात पप्पा ओरडले, "सापडलं. चिठ्ठीच आहे त्यावर."

ते बरणी घेऊन आले. माझ्याच अक्षरातलं 'मीठ'. दादाने तोंड उघडलं. मी टेबलाखालून त्याला लाथ घातली.

पप्पांनी बरणी आधी आईपुढे धरली. आईने ती बघितली, पप्पांच्या चेहऱ्याकडे बघितलं. मग चिमूटभर घेतलं, गवारीवर भुरभुरलं आणि पोळीबरोबर घास खाल्ला.

"बरोबर आहे का आता?" पप्पांनी विचारलं.

"आहे की."

मग पप्पांनी स्वतः घातलं, घास घेतला, आणि चावता चावता थांबले. मेणबत्तीच्या उजेडात बरणीकडे बघितलं, आईकडे बघितलं.

"उठू नकोस हं आता," ते म्हणाले.

आईने डब्यातून दुसरी पोळी घेतली.

"उठतंय कोण?"